स्टीलच्या डब्यातली आई

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. तिचा आवाज मला आठवत नाही, आणि हे कबूल करताना माझी मलाच चीड येते. तो उरला होता एकाच कॅसेटमध्ये. माझ्या बारशाला आप्पांनी शेजाऱ्यांच्या टेपवर तिनं म्हटलेला पाळणा भरून घेतलेला. आमच्या चांदा गावात आता कुणाकडं टेप राहिला नाही. माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात एका सहकाऱ्याकडं होता, तो फोनवर उतरवून देतो म्हणाला.

पण ऑफिसच्या गेटवर पिशव्या तपासायचं एक्सरेचं यंत्र, आणि आप्पांनी त्याचाच धसका घेतला. आईचा एक्सरे काढताना त्यांना खोलीबाहेर काढलं होतं, ते डोक्यातून गेलेलं नाही. "माणसाला बाधतंय, मग आवाजाला न्हाई व्हय बाधणार?" त्यांनी कॅसेट फडक्यात गुंडाळून जाड स्टीलच्या डब्यात घातली. स्टीलमधनं किरण जात न्हाईत म्हणे. मी हसले नाही, माझाही जीव टांगणीला लागला होता.

गार्डला म्हटलं, हातानं तपासा. तो ऐकेना. मागं रांग कुरकुरायला लागली, माझं डोकं फिरलं, आणि मी भांडत असतानाच त्यानं पिशवी पट्ट्यावर सरकवली. पडद्यावर डबा काळाकुट्ट, आतलं काही दिसेना. म्हणून पिशवी परत आत. मग आडवी करून आणखी एकदा. करायला गेलो एक नि झालं भलतंच.

सहकारी म्हणाला, टेपवरचं चुंबकानं पुसतं, असल्या एक्सरेनं नाही; खराब व्हायचा तो फोटोचा रोल. मी म्हटलं, ज्ञान नको, आधी लाव. त्यानं लावली, हेडफोन माझ्या कानावर चढवले. नुसती खरखर. बराच वेळ खरखर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेवढ्यात बायकांचा गलबला ऐकू आला, आणि मी हेडफोन काढून ठेवले. पुढचं आधी आप्पांनी ऐकायचं.

घरी येऊन फोनवर पाळणा लावला नि फोन त्यांच्यापुढं ठेवला. आईनं एक ओळ म्हटली नि मध्येच थांबली. "बंद करा वो ते. लाज वाटतीया मला."

आप्पांना फोन बंद करता येत नाही. त्यांनी तो पालथा घातला, वर हात ठेवला नि म्हणाले, "केला बंद. म्हण आता तू."

त्यांच्या हाताखालून आई म्हणू लागली.