आधी शेपट्या, मग डोकी

माझ्या मावशीला सगळे फटाकडी म्हणतात. ती पाट्यांची इंग्रजी अक्षरं कापते, ॲक्रिलिकची, जाड आणि चकचकीत. करवतीचं यंत्र चालू असताना तिच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि यंत्र बंद झालं तरी ती ओरडतच असते.

तिचा एक हट्ट आहे. अर्थ कळल्याशिवाय ती शब्दाला गोंद लावत नाही. "भिंतीला काय चिकटवतेय ते मला नको कळायला?" नेफ्रॉलॉजिस्टची पाटी आली की थेट त्या डॉक्टरांनाच फोन. "म्हणजे नक्की कशाचे हो तुम्ही? मूत्रपिंडाचे? अय्या!" फोन ठेवला की दोन्ही हात कमरेमागे दाबून मला दाखवणार, "इथले! हे इथले डॉक्टर!" डर्मेटॉलॉजिस्ट सांगताना स्वतःच्या दंडाची कातडी चिमटीत धरणार. जेवताना नवा शब्द आठवला तर घास हातातच वाळतो.

कितीतरी वर्षं ती मामाच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या पाट्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसली. हात करवतीसाठी शिवशिवायचे. शेवटी भांडून तिने दुकानामागचा गाळा मागून घेतला आणि स्वतःचं काम सुरू केलं. मामाने एकच अट घातली.

"फटाकडे, त्या नव्या हॉस्पिटलचं काम तुझ्या जोरावर करून दाखव. जमलं तर गाळा तुझा. नाहीतर मी तो भाड्याने देतो आणि तू गुपचूप गल्ल्यावर परत."

"गुपचूप? मी?"

"तेवढं जमलं नाही तरी चालेल. पण परत."

काम होतं हॉस्पिटलच्या दर्शनी दालनातलं. समोरच्या भिंतीवर सगळ्या डॉक्टरांचे विषय एकाखाली एक लावायचे. यादी बघून मावशी नाचायचीच बाकी राहिली. कार्डिऑलॉजिस्ट, न्यूरॉलॉजिस्ट, ऑप्थल्मॉलॉजिस्ट... "अगं, हे सगळे एका आईची लेकरं! बघ, प्रत्येकाची शेपटी तीच. ऑलॉजिस्ट! म्हणजे त्यातला जाणकार. कशातला, ते डोकं सांगतं."

मग तिला कल्पना सुचली. सगळ्या शेपट्या उजवीकडे अशा लावायच्या की ओखाली ओ, एलखाली एल, कवायतीला उभी राहिल्यासारखी. आणि डोकी डावीकडे जिथवर जातील तिथवर जाऊ द्यायची. यादीतली शेवटची ओळ कोरी होती. 'डॉक्टर स्वतः सांगतील' एवढंच लिहिलेलं.

"त्यांचं कळेपर्यंत थांबूया का?" मी विचारलं.

"शेवट काय वेगळा येणारे? आणि गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट मावतोय ना भिंतीत, पार कोपऱ्याला टेकून? पोट आणि आतडी, दोन्ही आहेत त्यात. याच्यापेक्षा लांब शब्द माणसाच्या शरीरात मावूच शकत नाही!"

तिने सरळ रेषेसाठी खडूची दोरी मारली आणि सगळ्या शेपट्या आधी चिकटवून टाकल्या, कोऱ्या ओळीचीसुद्धा. तो गोंद असा की एकदा धरला की गिलावा घेऊनच निघतो.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शेवटच्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, घाईत, गळ्यात चष्मा. मावशीने शिडीवरूनच विचारलं, "बाई, तुम्ही कशाच्या?"

"कान, नाक, घसा."

"तिन्ही? मग शब्द काय लावू?"

"ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट."

मावशीच्या चेहऱ्यावर दिवाणखान्यातला मोठा दिवा लागावा तसा उजेड पडला. "परत म्हणा!"

बाईंनी परत म्हटलं. मावशीने मलाही म्हणायला लावलं. मग तिने बोटांवर अक्षरं मोजली, भिंतीकडे पाहिलं आणि उजेड गेला. गॅस्ट्रोवाल्यांचा शब्दच कोपऱ्याला टेकला होता. हा त्याहून तीन अक्षरांनी लांब. त्यापुढे भिंतच नव्हती. ती वळून बाजूच्या बोळात जात होती.

"छोटा नाही का एखादा शब्द?" मी हळूच विचारलं.

"नाही, पूर्णच हवाय," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांनी मला ईएनटी म्हणून तीन अक्षरांत उरकलं. ही माझी पहिली पाटी आहे, ज्यावर मी पूर्ण असणारे."

मावशीला ते पटलंच. पटायला नको होतं, पण पटलं.

एवढ्यात मामा आला, इस्त्रीच्या शर्टात. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "शेपट्या आधी चिकटवल्यास? डोकी माहीत नसताना? अगं, आपल्या धंद्यात असं कोणी करतं का?"

"मी केलं."

"शेपटी उपटशील तर भिंतीला खड्डा. दुपारी फीत कापायला माणसं येणार. चल, मी हॉस्पिटलच्या साहेबांशी बोलतो, ती ओळ झाकून टाकू."

"थांब रे दादा." मावशीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. ती शिडीवरून उतरली. "बाई, मला अर्थ नीट सांगा. कुठलं अक्षर कशाचं?"

"आत्ता?" बाईंनी घड्याळ पाहिलं. "ओटो म्हणजे कान. ऱ्हायनो नाक. लॅरिंग घसा, म्हणजे स्वरयंत्र."

"कान पहिला? आणि ओटो म्हणजे... ओ, टी, ओ. तीनच?"

"तीनच."

मावशीने बाईंच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून पाहिलं की त्या एक पाऊल मागे सरल्या. मग समोरून नाकाशी बोट नेलं, घशाशी नेलं आणि बाजूला जाऊन कानाशी. आणि एकदम किंकाळी!

"कान बाजूलाच असतो की! बाई, तुमचं नाक समोर, घसा समोर आणि कान कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर. जिथे देवाने ठेवलाय तिथेच! शब्द पूर्ण, एक अक्षर कमी नाही. लावू?"

मामाने कपाळावर हात मारला. "भिंतीला कान? उद्घाटनाला लोक हसतील!"

बाई कोपऱ्यापाशी गेल्या, बोळातून आल्या, समोर आल्या, पुन्हा बोळात गेल्या. चालताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानाला लागला.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण कान सरळ लावा."

मग काय ती धावपळ! मी अक्षरं पुरवत होते, मावशी शिडीवरून 'ऱ्हायनो, ऱ्हायनो!' करत होती. मामा थोडा वेळ लांब उभा राहिला. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बोळातली दोरी धरली, "खाली, जरा खाली, बस!"

दुपारी फीत कापली गेली आणि पाहुणे आत आले. बोळातून आलेल्या एका आजोबांना आधी ओटो दिसलं. ते वाचत वाचत कोपऱ्यावरून वळले आणि शब्दाच्या शेवटाशी उभ्या असलेल्या बाईंपाशीच येऊन थांबले. बाई टाळी वाजवून हसल्या. गॅस्ट्रोवाले डॉक्टर मात्र फुरंगटून आले.

"आमचाही शब्द काही लहान नाही. तो का नाही वळवलात?"

"डॉक्टर," मावशी म्हणाली, "पोट समोरच असतं."

दालनभर हशा पिकला. मामा हसला नाही. तो बोळात गेला, हात वर करून शेवटचा ओ पकडला आणि जोर लावून ओढला. अक्षर हललं नाही.

"भाडेकरूला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"कळवतो काय? आत्ता लाव फोन. माझ्यासमोर!"

मामाने खिशातून फोन काढला.