लेकीला आणायची गाडी

माझा कुणावरच विश्वास नाही, असं आमचे हे म्हणतात. खोटं आहे. विश्वास ठेवण्याआधी मी एकदा उलटूनपालटून बघते, एवढंच. आणि बघितल्यावर बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच, त्याला मी काय करू?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. लेक साताऱ्याला, सातवा महिना, पहिलटकरीण. डोहाळजेवण झालं की तिला बाळंतपणाला पनवेलला आणायचं, हे तिच्या लग्नापासून माझ्या मनात ठरलेलं होतं. आतली खोली रंगवून झाली होती, मालिशवाली बघून ठेवली होती. आणि विहीणबाईंचा फोन आला, "एवढ्या उन्हात नका हो नेऊ तिला. तुमची गाडीही जुनी. घाटात तापली तर काय करायचं?"

आवाज साखरेत घोळलेला. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. यांना सून पाठवायचीच नाही, ऊन आणि गाडी ही नुसती निमित्तं. ठीक आहे म्हटलं, निमित्तच शिल्लक ठेवत नाही.

आमच्या घरात गाडी मी चालवते. ह्यांनी एकदा सोसायटीच्या गेटचा खांब आडवा केला, तेव्हापासून ते मागच्या सीटवर बसून सूचना देतात.

उरण रस्त्याला एक गॅरेज आहे. मालक चिरनेरकडचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती. म्हणून गाडी नेण्याआधी मी लाल नेलपॉलिशनं खुणा केल्या. बॅटरीला, स्टेपनीला, चारी टायरना आतल्या बाजूनं आणि रेडिएटरच्या झाकणाला. चांगला माल काढून घेतात आणि दुसऱ्याचा जुना बसवतात, हे आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. गिरणीत दळणाच्या डब्यालासुद्धा आम्ही खूण करतो, मग गाडी तशीच कशी सोडायची?

त्यानं बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकी, रेडिएटरचा पंखा अडकतोय. बदलावा लागंल. एसीचा गॅस पण कमी हाय. तुमी घरी जावा, संध्याकाळी फोन करतो."

घरी जा म्हणाला, म्हणजे मी समोर नको होते. मी खुर्ची मागून घेतली आणि तिथेच पत्र्याखाली ठाण मांडलं. वरून पत्रा तापलेला, पाठीला साडी चिकटलेली, पण हलले नाही. कूलंटचा डबा सीलबंद आहे का, ते हातात घेऊन बघितलं. पंखा काढला तेव्हा म्हटलं, "जुना पंखा मला परत हवा."

"न्या की. आमी ठेवून काय करू?" तो म्हणाला.

दोन वाजता पोटात कावळे ओरडायला लागले. समोर जाऊन एक वडापाव खाल्ला, पंधरा मिनिटांत परत. बॉनेट उघडंच होतं. रेडिएटरच्या झाकणावर लाल ठिपका नव्हता.

मग मात्र माझा तोल गेला. गॅरेजात तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत मी त्याला झाडलं. पाठ वळायची खोटी, लगेच हात मारला, बाई बघून फसवता का, जे तोंडात येईल ते बोलले. त्यानं आत जाऊन एक पिशवी आणली. तिच्यात जुना पंखा होता आणि लाल ठिपक्याचं झाकण होतं.

"याचं रबर फाटलंय, बघा. घाटात कूलंट हितूनच उडालं असतं. तुमी खायला गेल्या होत्या, म्हणून विचारायचं राहिलं." त्यानं फडक्यानं हात पुसले. "गाडीची तपासणी झाली, काकी. माझी पण झाली."

माफी मागायला हवी होती. कळत होतं मला. पण मी "बघितलं तर बिघडलं काय?" असं म्हणून पिशवी उचलली आणि गाडीत बसले. घरी येताना सिग्नलला मनात आलंच, हे रबर त्यानंच नखानं फाडलं नसेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता गाडी मैदानात भर उन्हात उभी केली. काचांना पडदे लावले, इंजिन चालू, एसी पूर्ण. ह्यांना मागे, लेक बसणार त्या जागी बसवलं. मी तापमानाच्या काट्यावर डोळे लावून बसले. काटा हलला नाही. मग कर्नाळ्यापर्यंत जाऊन आले, तरी हलला नाही. मागून ह्यांनी चक्क पांघरूण मागितलं. मला इतका आनंद झाला की घरी येऊन चप्पलही न काढता लेकीला फोन लावला.

"रविवारी पहाटे पाचला निघते. सांग तुझ्या सासूला, गाडी बर्फासारखी गार आहे. आता काय काढतात बघू."

ती म्हणाली, "आई, ते गाडीचं त्यांच्या मनातलं नव्हतं. मीच त्यांना तसं सांगायला लावलं."

"का?"

"मला इथंच राहायचंय. तिथं तू डॉक्टरांशी वाद घालशील. मालिशवालीच्या डोक्यावर उभी राहशील. मी बाळाला घेतलं की नीट धरलंय का ते बघशील. माझ्यासाठीच करतेस, कळतं गं मला. पण तू बघत असलीस की मला धडधडतं. लहानपणापासून."

राहा गं बाळा, तुला सुख लागेल तिथं राहा, असं म्हणायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. आणि तोंडून निघालं, "तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

"कुणी नाही, आई. गच्चीवर आलेय एकटीच. हे सगळं मी खाली घरात बोलले असते तर सासूबाईंनी ऐकलं असतं. तुला कुणी नावं ठेवलेली मला नाही चालत."

मी घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजले होते. सातव्या महिन्यातली माझी लेक माझी अब्रू झाकायला भर उन्हात उभी होती.