धाकट्या जावेबरोबर पाहिलेले सिनेमे

थोरल्या, तू मला तुझ्या जोडीदाराबद्दल सांगितलंस आणि आठवड्याने अकरा सिनेमांची यादी पाठवलीस. खाली लिहिलं होतंस, "आजी, जमलं तर बघ." न जमायला काय झालं? मी वही आखली. देश, दोघं काय काम करतात, शेवट काय, असे तीन रकाने केले आणि बघायला बसले. हे तुझ्या धाकट्या बहिणीलाही वाचून दाखव. तिचं मराठी अडखळतं.

तेव्हा माझी धाकटी जाऊ, तुमची हिर्डोशीची आजी, गुडघ्याचं ऑपरेशन करून भोरला माझ्याकडे राहिली होती. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी मी तिला मराठीत सांगायची. पहिला सिनेमा एका घड्याळजीचा आणि शाळामास्तरांचा होता. तिथे मी भित्रेपणा केला. "हे दोघं मित्र आहेत," असंच सांगत राहिले. अर्ध्या सिनेमापर्यंत तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आक्का, मित्र न्हाणीच्या दारात टावेल घिऊन उबा ऱ्हातो व्हय? खरं सांगा. म्या काय कुकुलं बाळ हाय?"

मग मी खरं सांगितलं. तुझंही सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सैपाक येतो का? आपल्या पोराला तर च्या बी येत न्हाई."

पुढे आम्हाला वेगळाच राग येऊ लागला. अकरापैकी सात सिनेमांत दोघांतलं एक मरतं. घड्याळजी तापाने गेला. एका बेटावरची मासे पकडणारी मुलगी बुडाली, तर जाऊ ओरडलीच, "अगं, मगाशी पवत व्हती की ही!" माणसं साधी म्हातारी होऊन एकत्र भाजी निवडताना का दाखवत नाहीत? शेवटाच्या रकान्यात मी सात वेळा लाल शाईने लिहिलं, नामंजूर.

आणि मग तुझा फोन आला. दिवाळीत तुम्ही दोघं येणार, पण पुण्यात हॉटेलात उतरणार, मला गावात त्रास नको म्हणून. मी "बरं" म्हणून फोन ठेवला, याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी भावजी जावेला न्यायला आले. जावेने फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. "वहिनी, येऊ द्या पोरांना. पर लोकांत मित्र म्हणा."

मी म्हटलं, "भावजी, मी एकदा तसं सांगून बघितलं. तुमच्या बायकोलासुद्धा पटलं नाही."

जाऊ आतून म्हणाली, "अवो, पयली दिवाळी हाय. जावयाला मित्र म्हणून दिवाळसण करायचा?"

"जावई?"

"मग सून म्हणू? तुमीच ठरवा."

भावजींनी चहा अर्धा ठेवला. "आमी काय दिवाळीला येत न्हाई," म्हणाले आणि बायकोला पिशवी भरायला सांगितली. तिने गुडघ्यावर हात ठेवला. "लई दुकतोय. यष्टीत बसवायचं न्हाई." सकाळी ती जिना चढून गच्चीवर पापड घालून आली होती. भावजी एकटेच गेले.

तेव्हा हॉटेल रद्द करा. कोणी विचारलं तर मी सांगणार, माझा नातू आणि त्याचा नवरा आलेत. त्याचा दिवाळसण याच घरात होईल, उटण्यापासून आहेरापर्यंत. भावजींना मी पुन्हा बोलावीन. आले नाहीत तर त्यांचा फराळ हिर्डोशीला पोचता करू, पण एकही शब्द बदलणार नाही. त्याच्या सदऱ्याचं माप कळव. आमचा शिंपी दिवाळीच्या तोंडावर कुणाचंच ऐकत नाही.