तपासायला आलेली बाई

उटण्याची तपासणी करून प्रमाणपत्र देणं हे माझं काम. उटणं विकत घेणाऱ्या कंपनीची मी नाही, ते तयार करणाऱ्या बायकांचीही नाही. मी तिसऱ्याच संस्थेची. तपासणीच्या जागी चहासुद्धा घ्यायचा नाही, असा आमचा नियम. कामोठ्यात मी एकटीच राहते, त्यामुळे कामावरही एकटीनं जेवायचं, याचं सुरुवातीला काही वाटलं नाही.

पळस्प्याच्या पुढच्या एका गावात बचत गटानं उटणं करायला नुकती सुरुवात केली होती. आमचं प्रमाणपत्र मिळालं तर एक कंपनी माल घेणार होती. गटाच्या प्रमुख साठीच्या आगरी मावशी. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन हाय गो तुझ्या?"

"कोणी नाही. आई होती, गेल्या वर्षी गेली."

दुपारी त्यांनी माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आणून ठेवली. मी नियम सांगितला.

"तुला काय लिवायचा ते लिव. जेवायला काय झाला?"

मी ताट बाजूला सारलं आणि बाहेर पायरीवर बसून माझा डबा उघडला. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्या मला हसत नव्हत्या, तरी मी अर्धा डबा तसाच बंद केला.

उटण्यातला नागरमोथा नीट वाळला नव्हता, हे मला तिथेच दिसलं होतं. प्रयोगशाळेत नमुन्यात बुरशी निघाली. 'नामंजूर' हा शेरा मीच लिहिला. मावशींचा फोन आला.

"तवाच सांगितला असतास, तर आमी परत वालवला असता गो."

दोष लिहायचा, सल्ला द्यायचा नाही, हाही नियमच. तो मी त्यांना सांगितला. त्यांनी फोन ठेवला.

तीन महिन्यांनी परत गेले. जाळीची नवी कपाटं, वाळवणाच्या नोंदी, सगळं चोख होतं.

"बसा मॅडम," मावशी म्हणाल्या. "तुमी डबा आनला असंल ना?"

आवाजात राग नव्हता. मॅडम मला सगळेच म्हणत. आजवर त्या तेवढ्या म्हणत नव्हत्या.

या खेपेला माल पास झाला. प्रमाणपत्र पोस्टानं गेलं असतं, पण मी स्वतः घेऊन गेले. बायकांनी पेढे आणले. मावशींनी खोका माझ्यापुढे धरला, मग काहीतरी आठवून थबकल्या आणि शेजारच्या बाईकडे वळल्या. "मला द्या," एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या वर्षी ते गाव दुसऱ्या तपासनिसाकडे गेलं. मी त्याला पळस्प्यापासूनचा रस्ता समजावून दिला.