समासातली आई

दादा गेल्याचं मला कळलं ते एका अनोळखी बाईंच्या इंग्रजी पोस्टवरून. मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी होती, मोबाईल सहज उघडला तर त्याचा फोटो आणि खाली जोडलेले हात... दिल्लीच्या इस्पितळातून फोन आला तो त्यानंतर वीस मिनिटांनी. आधी जगाला, मग घरच्यांना! दीड महिना झाला, माझा राग उतरलेला नाही. उतरावा म्हणून मी हे लिहीतही नाहीये.

हरेश, माझा मोठा भाऊ. इंटरनेटचे नियम कोण ठरवतं आणि ते ठरवताना साध्या माणसाला कोण विचारतं, यामागे त्याचं अख्खं आयुष्य गेलं. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "मोबाईलचे सायबांशी भांडतो." त्याच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. आमचं गाव उरणजवळ. आईची उमेदीची वर्षं मिठागरात गेली. आज तिथे कंटेनर रचलेले दिसतात. ती जमीन गेली तेव्हा कागद इंग्रजीत होते आणि आजोबांनी न वाचता अंगठा दिला होता. तो अंगठा दादाला कायम सलत राहिला.

म्हणून नव्या नियमाचा मसुदा आला की तो छापून घेऊन दिल्लीहून घरी यायचा. आई ओट्यावर सुकट निवडत बसलेली असायची. एकेक कलम वाचून तो तिला आगरीत सांगायचा. ती जिथे अडेल तिथे पेन्सिलीनं गोल, आणि समासात एकच शब्द : 'आई'. एकदा 'वापरकर्त्याची संमती' असं कलम आलं. आईनं सूप खाली ठेवलं.

"नाय बोलला तं काय करतील?"

"सेवा बंद करतील, आये."

"मंग इचारतान कनाला?"

मग विचारतात कशाला? हाच प्रश्न घेऊन तो परदेशांतल्या परिषदांमध्ये उभा राहिला. बोलायला दोन मिनिटं मिळायची. त्यातही 'हा प्रश्न माझ्या आईचा आहे' हे तो आधी सांगायचा. अहवालात प्रश्न छापून यायचा, आई गळायची. "चालायचंच," तो म्हणायचा. त्याच्या या 'चालायचंच'नंच घात केला. छातीत दुखतंय म्हणाला तेव्हा मी फोनवर ओरडले, तर म्हणे, "हरकती पाठवायची मुदत शुक्रवारी संपते, मग दाखवतो." गुरुवारी गेला. मसुद्यातला एक शब्दही पुढे बदलला नाही. दादा, माझा राग तुझ्यावरही आहे!

मग त्याच्या संस्थेनं ऑनलाइन शोकसभा घेतली. जो तो 'हरेशचा तो अजरामर प्रश्न' इंग्रजीत सांगून गहिवरत होता. मी आईला समजावून सांगत होते. शेवटी ती पदर सावरून मोबाईलजवळ सरकली. "मी हरेशची आये. यो सवाल..." एवढ्यात तिकडून आमचा आवाज बंद केला गेला. पडद्यावर सूचना आली : वेळेअभावी कुटुंबीयांनी मनोगत लेखी पाठवावं. जिला लिहिता येत नाही तिनं! आई मात्र बोलतच राहिली, त्याच्या लहानपणापासूनचं सगळं. कुणी ऐकत नाहीये हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

गेल्या आठवड्यात संस्थेकडून एक फॉर्म आला. दादाचे ते मसुदे त्यांना संग्रहासाठी हवेत. खाली एकच बटण : 'सहमत'. नकाराला जागाच नाही. ज्या माणसानं याच गोष्टीसाठी जीव आटवला, त्याच्या घरी असा फॉर्म पाठवताना यांना काहीच कसं वाटलं नाही? मी आईला वाचून दाखवला, दादा सांगायचा तसाच.

"नाय बोलला तं?" तिनं विचारलं.

"काय नाय, आये. कागद आपले घरान हायत."

"मंग नाय."

फॉर्म मी शाळेत छापून घेतला. 'सहमत'भोवती दादाच्याच पेन्सिलीनं गोल केला, समासात लिहिलं, 'आई : नाही', आणि फोटो काढून पाठवून दिला. कागद ओट्यालगतच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी घरी यावं. आई ओट्यावरच असते. ती बोलेल तितका वेळ मात्र ऐकावं लागेल.