एकाच बाजूची मगर

मगर पाण्यातून वर आली आणि सगळं थिएटर हसलं.

काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. प्रसंग हसायचा नव्हता. पडद्यावर होडी फुटली होती. नायिका गटांगळ्या खात होती. नायक छातीइतक्या पाण्यात उभा राहून कुजबुजत होता, "श्वास रोखा. ती आपल्याला बघतेय." मग मगर वळली. तिच्या कुशीवर ठळक निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, कोरड्या जागी ठेवा.

"कोरड्या जागी ठेवाऽऽ!" मागच्या रांगा एका सुरात ओरडल्या. कधी ओरडायचं ते त्यांना पाठ होतं. हा सिनेमा लोक पुन्हा पुन्हा बघत होते, ते याचसाठी.

काकूंच्या शेजारी त्यांचे यजमान बसले होते. ते तोंडावर रुमाल धरून गदगदत होते.

"तुम्हीसुद्धा?" काकू म्हणाल्या.

"खोकला आला गं."

पलीकडून धाकट्या जाऊबाई वाकल्या. "ताई, एक मात्र आहे हं. अक्षर अगदी स्वच्छ दिसतंय. शेवटच्या रांगेतूनसुद्धा वाचता येत असेल."

काकू उठल्या. अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर आल्या आणि तिकीट खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती. आतून पुन्हा हशा आला. या वेळी शेपटी निघाली असणार.

ती मगर काकूंनी केली होती.

स्टुडिओच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिथे काकूंचं उभं आयुष्य गेलं. त्यांचे वडील खुर्च्यांच्या गाद्या भरायचे. काथ्या दाबून कसा भरायचा, शिवण आत कशी वळवायची, हे त्या त्यांच्याकडे बघून शिकल्या. पुढे सिनेमावाल्यांना दरीत ढकलायला एक घोडा हवा होता. खरा ढकलता येईना. काकूंनी गाद्यांच्या सामानातून घोडा करून दिला. तो दरीत पडला तेव्हा बायका रडल्या. तेव्हापासून गाडीखाली येणारे कुत्रे, झाडावरून पडणारी माकडं, चादरीखालची प्रेतं, सगळं काकूंच्या शेडमधून जायचं. कधीही कोणी विचारलं नाही की हे कोणी केलं. तेच त्यांना हवं होतं. विचारलं असतं, तर काम फसलं असतं.

शेडचा एक जुना नियम होता. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच करायचं. वजन कमी राहतं आणि आडून हलवायला जागा मिळते. मगरीचंही तसंच होतं. दिग्दर्शकाने चित्रं काढून दिली होती. सगळ्या चित्रांत मगर डाव्या कुशीची. काकूंनी डावी कूस केली. एकेक खवला ओल्या रबरावर बोटाने दाबून उठवला. डोळ्याच्या कडेला ओलसर चकाकी आणायला कितीतरी प्रकारचे वार्निश लावून पाहिले. उजव्या बाजूला नुसता लाकडी सांगाडा होता. त्याच्याआड दोन माणसं पाण्यात बसून मगर ढकलणार होती. त्यांचे कोपर खरचटू नयेत म्हणून काकूंनी सांगाड्यावर खताची रिकामी पोती ताणून ठोकली. त्यांतल्या एका पोत्यावर ती सूचना छापलेली होती. असेना. ती बाजू बघतंय कोण?

रानमामाने दाखवली.

रानमामा हा नट नव्हता. इतकी वर्षं तो टीव्हीवर जनावरं दाखवत आला होता. खाकी शर्ट, हातात साप आणि कुजबुजता आवाज. "घाबरू नका. तो आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय." हे वाक्य घराघरांत झालेलं. काकूंचे यजमान बसचे ड्रायव्हर होते, तेव्हाही त्याचा कार्यक्रम चुकवायचे नाहीत. अशा माणसाला नायक करून दिग्दर्शकाने साहसपट काढला. त्यात रानमामा सगळंच कुजबुजत बोलतो. नायिकेला लग्नाचं विचारतानाही असा बोलतो की जणू ती दचकली तर चावेल. खलनायक बंदूक रोखून उभा असताना हा त्याला मगरीचं शास्त्रीय नाव सांगतो, मग ती अंडी कुठे घालते ते सांगतो. खलनायक बिचारा ऐकून घेतो.

शूटिंगच्या दिवशी रानमामा हौदात उतरला आणि सरळ मगरीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"अहो, ती बाजू नाहीये!" काकू काठावरून ओरडल्या.

"मी जनावर याच बाजूने धरतो," रानमामा म्हणाला.

"हे जनावर नाही. अर्धं आहे हे!"

दिग्दर्शकाने मध्येच हात वर केला. उन्हं उतरत होती. "काकू, पाणी गढूळ आहे. आपण अंधार ठेवू. काही दिसणार नाही."

मग कॅमेरा रानमामाच्या बाजूला नेला आणि ती दोन माणसं उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. म्हणजे काकूंनी बोटांनी उठवलेल्या खवल्यांच्या आड दोन माणसं लपली आणि कॅमेऱ्यासमोर खताची पोती आली. पुढे अंधारात रानमामाचा चेहरा दिसेना. म्हणून चित्र उजळ केलं. चेहरा दिसला. पोतंही दिसलं.

काकूंना हे कोणी कळवलंसुद्धा नाही. भाजीवाल्याने पालेभाजीची जुडी हातात देताना डोळा मारला. "काकू, कोरड्या जागी ठेवा हं." तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं.

सिनेमा महिनाभर उतरेना. वर्तमानपत्रांनी लिहिलं की इतका वाईट आणि इतका मजेदार सिनेमा बऱ्याच दिवसांत झाला नाही. तरुण मुलं शेड बघायला यायला लागली. एकाने काकूंची सही मागितली.

"कशाबद्दल?" काकूंनी विचारलं.

"मगरीबद्दल. कमाल केलीत तुम्ही."

"घोडा बघितलास का माझा? दरीत पडलेला?"

मुलाला घोडा माहीत नव्हता. काकूंनी त्याला शेडबाहेर घालवलं.

मग दिग्दर्शक आला. काखेत पोस्टराची गुंडाळी. टेबलावरचं सामान बाजूला सारून त्याने ती पसरली. 'ती परत येतेय!' मगर हसत होती आणि पोत्यावरची अक्षरं तिच्या डोक्यापेक्षा मोठी होती.

"दुसरा भाग," तो म्हणाला. "मगर आणखी मोठी हवी. या वेळी सूचना दोन्ही बाजूंना. एक डोळा लोंबता ठेवू. ढकलणाऱ्या माणसाचा कोपर दिसायलाच हवा. लोक त्याचीच वाट बघतात."

काकू पोस्टराकडे बघत राहिल्या. "आणि खवले?"

"खवल्यांचं राहू द्या. जमेल तितकी वाईट करा."

"वाईट म्हणजे नक्की कशी?"

"होती तशीच."

"ती वाईट नव्हती," काकू म्हणाल्या. "तुम्ही तिला पाठमोरी उभी केलीत. चूक तुमची, नाक कापलं गेलं माझं. आता तीच चूक मी स्वतःच्या हाताने करायची? वर कोपर दिसेल असं बघायचं?"

"काकू, तुम्ही मनाला लावून घेता. लोक प्रेमाने हसतात हो."

"मग तुमच्या दिग्दर्शनाला हसतात म्हणून तुम्ही आनंदाने नाचताय, नाचा. मला ताल धरायला सांगू नका."

त्याने पोस्टर गुंडाळलं. आवाजही जरा गुंडाळला. "शेड स्टुडिओची आहे. जो काम करेल त्याच्याकडे राहील. विचार करून सांगा."

घरी यजमान म्हणाले, "करून टाक ना. हसतात, मारत तर नाहीत."

जाऊबाई वरच्या मजल्यावरून मुद्दाम खाली आल्या होत्या. "नाहीतर काय! आमच्या हातून काही बिघडलं तर बोलणी बसतात. तुमच्या बिघडलेल्याला टाळ्या. नशीब लागतं, ताई."

काकूंनी जाऊबाईंकडे लक्ष दिलं नाही. त्या यजमानांकडे वळल्या. "तुम्ही जन्मभर बस चालवलीत. लोकांना मजा वाटते, एकदा झाडावर घाला, असं कोणी सांगितलं असतं तर घातली असती?"

यजमानांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "नसती घातली."

जाऊबाई जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात रानमामा उभा होता. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बुटका. खाकी शर्ट घातलेला नव्हता. काकूंनी हातातली लांब सुई गादीत खुपसली.

"आलात? या. बरं झालं. मला तुमच्याशी बोलायचंच होतं," त्या म्हणाल्या आणि बोलल्या. खवल्यांपासून सुरुवात केली ती भाजीवाल्यापर्यंत आल्या. माणसाला डावं-उजवं कळू नये? काठावरून एक बाई घसा फोडून सांगतेय, तर ऐकावं की नाही?

"तेच सांगायला आलोय," रानमामा म्हणाला. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात नाही. म्हणून जनावर मी नेहमी उजव्या हाताला ठेवतो. फूत्कार ऐकू यायला हवा ना. सवय झालीय."

"रबराची मगर फूत्कार टाकणार होती?"

"नव्हती. पण पाण्यात उतरलो आणि पाय आपोआप तिकडे गेले."

"मग तेव्हा हे सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"जंगलात फिरणारा माणूस बहिरा आहे, हे कोणाला सांगणार? कार्यक्रम गेला असता." त्याने दारातून आत पाऊल टाकलं. "आता तसाही गेलाच. हातात नाग धरला तरी लोक हसतात म्हणे. चॅनेलने बंद केला."

काकूंनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं. बसा म्हणाल्या नाहीत. तो बसला.

"या भागात मला मुद्दाम अडखळायला सांगितलंय," तो म्हणाला. "पाय घसरून पडायचं. अंड्यांची माहिती आणखी लांबवायची. मी विचारलं, पहिल्या भागात काय केलं होतं मी? ते म्हणाले, तेच तर केलं होतं." त्याने हात मांडीवर पुसले. "मी तेव्हा चांगलंच करत होतो, काकू. मला वाटत होतं की चांगलं होतंय."

"वाईट होतं ते," काकू म्हणाल्या.

"हो. आता माहीत झालंय."

पत्र्यावर कावळा चालत होता. काकूंनी गादीतली सुई उपसली.

"तुम्ही मगर करणार आहात का, एवढंच विचारायचं होतं."

"नाही."

"बरं," रानमामा म्हणाला आणि निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. काकूंना त्याचाही राग आला.

त्याच दिवशी त्यांनी दिग्दर्शकाला नकार कळवला. दिग्दर्शकाने समजूत घातली नाही, फक्त किल्ली मागितली. यजमानांनी ओळखीच्या ड्रायव्हरचा टेम्पो आणला. सुया, साचे, रबराचे डबे, काथ्याचे गठ्ठे असं सगळं घरच्या पुढच्या खोलीत येऊन पडलं. बसायला जागा राहिली नाही. जाऊबाई दारातूनच बघून म्हणाल्या, "एवढा पसारा करण्यापेक्षा एक मगर सोपी होती."

"तुम्ही करा मग. लोंबता डोळा तुम्हाला झकास जमेल," काकू म्हणाल्या.

स्टुडिओने दुसऱ्या एकाकडून मगर करून घेतली. काकूंनी चौकशी करायची नाही असं ठरवलं होतं. तरी भेटेल त्याच्याकडे त्यांनी चौकशी केली. डोळा लोंबतोय. दात पिवळेधमक. कुशीवर अक्षरं कोरून रंगवलीत. ऐकून त्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची. यजमान म्हणायचे, "सोड आता." त्या म्हणायच्या, "सोडलंय कधीच." आणि पुन्हा विचारायच्या.

एका सकाळी फोन वाजला. रानमामा होता.

"काकू, मीही नाही म्हणून आलो."

"काय?"

"काल हौदात उतरलो. ती नवी मगर समोर आली. काकू, ती मगर विनोद करत होती हो. तिच्याशी झुंजायचं कसं? हातच पुढे जाईना. बाहेर आलो, कपडे बदलले, घरी आलो."

काकूंना बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

"अहो, पण तुमचा कार्यक्रम बंद झालाय!" त्या ओरडल्या. स्वयंपाकघरातून यजमान धावत आले. "शहाणे आहात का तुम्ही? मी नाही म्हटलं, ते माझं काम होतं म्हणून. माझ्या घरात यांची पेन्शन येते. तुमच्या घरात काय येतं? तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? खाणार काय आता?"

"शाळांमधून बोलावतात कधीकधी. सापांची माहिती सांगायला."

"मग जा की!"

"जातो. पण आता जिवंत साप आत नेऊ देत नाहीत. नुसती चित्रं दाखवली की मुलं खिडकीबाहेर बघतात."

यजमानांनी खुणेने विचारलं, कोण? काकूंनी खुणेनेच सांगितलं, एक मूर्ख.

मग त्यांनी पायाने काथ्याचा गठ्ठा जवळ ओढला आणि त्यावर बसल्या. पुढच्या खोलीत तेवढी एकच जागा होती.

"कोणता साप?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"मुलांना कोणता दाखवता? पहिला कोणता काढता पिशवीतून?"

रानमामा सांगायला लागला. रंग, पोटाखालचे पट्टे, मानेजवळची खूण. त्याचा आवाज हळूहळू खाली गेला आणि तो टीव्हीवरच्यासारखा कुजबुजायला लागला.

"मोठ्याने बोला हो," काकू खेकसल्या. "आणि आधी जाडी सांगा. मधली किती, मानेजवळ किती?"