जादासरांची पिशवी

शाळा सरकारी. शेवटची घंटा झाली की बाकीचे मास्तर घरचा रस्ता धरत आणि गणिताचे सर शेवटच्या वर्षाची पोरं घेऊन वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जात. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी. बाहेरचा क्लास परवडेल असं घर त्या पोरांत एकाचंही नव्हतं. रोज जादा तास घेतात म्हणून पोरांनी नाव पाडलं होतं, जादासर. सरांना ते ठाऊक होतं. चुकून कुणी तशी हाक मारली तर ओ देत.

त्या वर्षी नऊ जण होते. संभाव्यतेचा धडा चालला होता. पिशवीत बारा गोट्या, एक काढली, परत टाकली नाही. दुसरी काढताना पिशवीत किती? शेंबडं पोरही सांगेल. पण सराव परीक्षेत नऊच्या नऊ जणांनी लिहिलं होतं, बारा.

"एकमेकांचं बघून लिहिलंत काय रे?"

"नाही सर," लॉन्ड्रीवाल्याची मुलगी म्हणाली. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि खोटं बोलायचा आळस असलेली. "मी अकराच लिहायला गेले. हातानं बारा लिहिलं."

सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. अठराव्या वर्षी, याच शाळेत शिकत असताना, याच परीक्षेत, असल्याच गणितात त्यांचाही हात असाच गेला होता. एका गुणानं कॉलेज हुकलं. पुढच्या वर्षी मिळालं, पण त्या हाताची गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवीत काचेच्या गोट्या घेऊन आले. सगळ्यांसमोर बारा मोजून टाकल्या. एक निळी काढून मुठीत धरली.

"आता तू मोज."

मुलीनं पिशवी टेबलावर उलटी केली. मोजता मोजता तिचा आवाज बारीक होत गेला. "बारा, सर."

सरांनी मूठ उघडली. निळी गोटी तिथेच होती. त्यांनी स्वतः मोजलं. बारा. निळी परत त्यांच्यात टाकली, पुन्हा मोजलं. तरी बाराच. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं.

"मग लिहायचं काय, सर?" मुलीनं विचारलं.

"अकरा," सर म्हणाले. "डोळ्यांना काहीही दिसू दे. हात ऐकत नसेल तर दुसऱ्या हातानं धरा."

घरी ताटावरून तसेच उठले तेव्हा बायकोनं खोदून खोदून विचारलं, आणि सगळं बाहेर पडलं.

"इतकी वर्षं एकटेच उराशी घेऊन बसलात?" ती म्हणाली. "पोरांना सांगा की."

त्यांनी सांगितलं. गॅरेजवाल्याचा मुलगा आ वासून म्हणाला, "म्हणजे सर, तुम्हीपण गचकला होतात?" वर्ग खो खो हसला, सरही हसले. त्या दिवसापासून सगळ्यांचं उत्तर अकरा येऊ लागलं.

परीक्षेच्या दिवशी सर केंद्राच्या फाटकाशी उन्हात उभे राहिले. पोरं ओरडतच बाहेर आली. गोट्यांचं गणित आलं होतं, सगळ्यांनी अकरा लिहिलं होतं. लॉन्ड्रीवाल्याची मुलगी मात्र सावकाश आली.

"सर, आपल्या शाळेचे आम्ही नऊच ना? माझ्या मागे अजून एक जण होता. शर्टावर आपल्याच शाळेचा बिल्ला, पण पितळेचा."

सरांच्या वेळचे पितळेचे बिल्ले बंद झाले तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"बोलला काही?"

"किती उरल्या, म्हणाला. रडवेला झाला होता, सर. मी पेपर थोडा बाजूला सरकवला."

कॉपी करणाऱ्याला सर एरवी वर्गाबाहेर काढत. त्या दिवशी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निकालात आठ जणांना कॉलेज मिळालं, तिलाही. गॅरेजवाल्याचा मुलगा भूमितीत गडगडला. जूनमध्ये सरांनी त्याला एकट्यालाच घेऊन तास सुरू केला. मुख्याध्यापक म्हणाले, "एकासाठी पंख्याची वीज जाळायची?" सरांनी पंखा बंद केला, खिडकी उघडली आणि फळ्यावर त्रिकोण काढला.